स्वयंसेवी उत्सवांना शासकीय अनुदान

पगारी कर्मचाऱ्यांऐवजी रहिवाशांनीच आपला फावला वेळ देऊन उभ्या केलेल्या सार्वजनिक उत्सवाला केंद्र, प्रांत किंवा नगरपालिका यांच्या निधीतून मिळणारी, परत न करावी लागणारी रक्कम. प्रायोजकत्वापासून ती वेगळी ठरते, कारण प्रायोजकाला आपल्या नावाची जाहिरात हवी असते आणि शासनाला ठरलेल्या कामाचा हिशेब. वर्गणी, देणग्या, गाळ्यांचे भाडे यांच्या जोडीला हे अनुदान येते. केवळ त्यावर चालणारे उत्सव थोडेच.

कलांना सरकारी तिजोरीतून नियमित मदत देण्याची आजची चौकट मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर घडली. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकारातून आकाराला आलेली ग्रेट ब्रिटनची कला परिषद १९४६ साली सनदेने स्थापन झाली. पैसा सरकारचा, पण तो कोणाला द्यायचा हे स्वायत्त परिषदेने ठरवायचे, हे तिचे तत्त्व पुढे अनेक देशांनी उचलले. अमेरिकेत राष्ट्रीय कला निधी १९६५ मध्ये सुरू झाला. या संस्थांचा ओढा सुरुवातीला व्यावसायिक नाट्य, संगीत व नृत्य यांकडे होता. वस्तीपातळीवरचे हौशी उत्सव ‘कला’ या सदरात बसत नव्हते आणि ‘समाजकल्याणा’तही नाही. १९४७ च्या पहिल्या एडिंबरा महोत्सवाला सार्वजनिक निधीचा आधार होता, तर निमंत्रण नसताना येऊन आपले प्रयोग लावणाऱ्या आठ नाट्यमंडळ्यांना तो नव्हता. त्या बिनबोलावलेल्यांतूनच पुढे ‘फ्रिंज’ हा प्रचंड उत्सव उभा राहिला. निवड समितीला भविष्य दिसतेच असे नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

स्थानिक उत्सवांसाठी स्वतंत्र योजना त्या मानाने उशिरा आल्या. कॅनडाच्या संघशासनाने २००७ च्या अर्थसंकल्पापासून स्थानिक कला व वारसा उत्सवांसाठी निधी राखला. तेथे अर्जदार संस्था ना-नफा असावी लागते, स्थानिक कलाकार व कारागिरांना वाव द्यावा लागतो, स्वयंसेवकांचा सहभाग दाखवावा लागतो आणि उत्सव पुन्हा पुन्हा भरणारा असावा लागतो. ही शेवटची अट ठिकठिकाणी आढळते. शासनाच्या दृष्टीने ती रास्त आहे, पण त्यामुळे पहिल्या वर्षी, जेव्हा मदतीची निकड सर्वाधिक असते, तेव्हा आयोजकांना पदरमोडच करावी लागते.

मंच, ध्वनियंत्रणा, विमा, सुरक्षा, स्वच्छता आणि कलाकारांचे मानधन हे खर्च सामान्यतः ग्राह्य धरतात. मद्य, रोख बक्षिसे, कायमची मालमत्ता, पक्षीय प्रचार आणि मंजुरीपूर्वी केलेला खर्च बहुतेक योजनांत वगळलेला असतो. धार्मिक उत्सवांत पूजाविधीचा खर्च बाजूला ठेवून गर्दीचे नियोजन किंवा स्वच्छता यांपुरती मदत देण्याची वाट अनेक शासने काढतात. कागदावर ही सीमारेषा स्पष्ट दिसते, प्रत्यक्षात ती वादाचे मूळ ठरते.

अनुदानाइतकीच रक्कम आयोजकांनी अन्य मार्गाने उभी करावी, ही जुळवणीची अट सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीत सर्वसाधारणपणे एकास एक असे प्रमाण असते. ही जुळवणी रोखीतच हवी असे नाही. फुकट मिळालेले सभागृह, उसने आणलेले साहित्य आणि स्वयंसेवकांचे तास यांचेही मोल लावता येते. अमेरिकी संघीय नियमांनुसार स्वयंसेवकाच्या श्रमाचा दर तशाच पगारी कामाच्या दराशी सुसंगत असावा लागतो. म्हणजे वीजतंत्रीने मंचाची जोडणी केली तर तासाचा भाव वीजतंत्र्याचा; त्यानेच फाटकावर पत्रके वाटली तर भाव पत्रके वाटणाऱ्याचा. मात्र प्रत्येक तासाची नोंद हवी. उत्सवाचे खरे भांडवल हेच श्रम असतात, आणि हजेरीपत्रक ठेवायला कोणी नसल्यामुळे तेच हिशेबातून गळते.

दुसरी अडचण पैसा केव्हा हाती येतो याची. काही योजना आगाऊ हप्ता देतात, तर काही पावत्या तपासून खर्चाची भरपाई करतात. भरपाईच्या पद्धतीत सरकारचा धोका कमी होतो, कारण तो सगळा आयोजक समितीकडे सरकतो. मांडववाला आणि ध्वनियंत्रणेचा ठेकेदार आगाऊ रक्कम मागतात, अनुदान मात्र उत्सव संपून अहवाल, पावत्या व उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याचा दाखला) गेल्यावर येते. मधल्या काळात खजिनदाराने तोंडमिळवणी करायची ती उसनवारीवर. शिल्लक गाठीशी असलेल्या जुन्या संस्थांना हे झेपते. त्यामुळे गरजूंसाठी आखलेली योजना सुस्थितीतल्यांकडे झुकते, आणि त्यात लबाडी कोणाचीच नसते. २०२० साली महासाथीमुळे उत्सव रद्द झाले तेव्हा अनेक निधिदात्या संस्थांना अटी शिथिल कराव्या लागल्या.

अनुदानाच्या समर्थनार्थ पर्यटन आणि व्यापारवाढ यांचे आकडे पुढे केले जातात. ते जपून वापरावेत. स्थानिक रहिवाशाने उत्सवात केलेला खर्च त्याने एरवीही गावात केलाच असता. शिवाय काही पाहुणे तसेही येणारच होते, त्यांनी फक्त तारीख बदलली. अमेरिकी अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी हे दोन्ही खर्च परिणामातून वगळायला हवेत, हे सातत्याने मांडले. ते वगळल्यावर लहान उत्सवांचे आकडे झपाट्याने आक्रसतात. अशा उत्सवाचा लाभ मुख्यतः ओळखीपाळखी, एकत्र काम करण्याची सवय आणि हौशी कलाकारांना मिळणारी संधी यांत असतो. अर्जातील चौकटीत तो मावत नाही.

सरकारी पैसा आला की लोकांची वर्गणी आटते, हा आक्षेप जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी आणि अबिगेल पेन यांनी २००३ मध्ये धर्मादाय संस्थांच्या अभ्यासातून दाखवले की अनुदानानंतर संस्थाच निधी गोळा करण्याची खटपट कमी करतात. दारोदार फिरून वर्गणी मागणे हा जिथे लोकसंपर्काचाही मार्ग असतो, तिथे हे नुकसान पैशापुरते राहत नाही.

लहान रकमांसाठी सुटसुटीत अर्ज, अननुभवी गटाच्या वतीने नोंदणीकृत संस्थेने हिशेब सांभाळणे आणि एका वर्षाऐवजी अनेक वर्षांचे करार हे उपाय आता रुळत आहेत. तीन वर्षांच्या कराराने समितीला ठेकेदार आधीच ठरवता येतात, आणि दरवर्षी अर्ज भरण्यात जाणारे श्रमही वाचतात.