'करला' म्हणणारं मूल पोपट नसतं

"मुलं पोपटासारखी ऐकलेलंच बोलतात, म्हणून चुकलं की तिथल्या तिथे सुधारा." हा सल्ला घरोघरी मिळतो. माझ्या मते तो मुलांवर अन्याय करणारा आहे.

माझ्या तीन वर्षांच्या भाचीने परवा वेडावाकडा लाडू वळला आणि अभिमानाने म्हणाली, "हा मी करला!" घरात 'करला' कोण म्हणतं? कोणीच नाही. पण 'भर'चं 'भरला', 'धर'चं 'धरला' तिने ऐकलंय. त्यातून तिने नियम काढला, कोणी न शिकवता, आणि तो 'कर'ला लावला. आडवळण घेतलंय ते 'केला'ने, तिने नाही!

1958 साली अमेरिकेत संशोधक जीन बर्को यांनी हेच पडताळून पाहिलं. एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला 'वग' म्हटलं, मग तसे दोन दाखवले. चार ते सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी 'वग्ज' असं अनेकवचन केलं. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मग नक्कल कोणाची?

ऐकणं लागतंच, शब्द आसपासच्या माणसांकडूनच येतात. नियम शोधण्याची ही क्षमता भाषेसाठीच उपजत असते, असं भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींचं म्हणणं. इतर अभ्यासक ती मुलाच्या एकूण शिकण्याच्या ताकदीत पाहतात. तो वाद अजून चालू आहे.

भाचीला मी एवढंच म्हटलं, "अरे वा, तू केलास? दे बघू एक घास."