स्टेशन परत आणण्यापूर्वी एकदा बिटाकडे बघा

"स्टेशन गरमच होत नाही, सोल्डर पकडतच नाही." आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक सोल्डरिंग स्टेशनांसोबत हेच वाक्य येते. आम्ही नवे बिट, म्हणजे हँडलवर बसणारे तापते टोक, चढवतो आणि ते थर्मामीटरवर टेकवतो. डिस्प्लेवर 350 अंश सेल्सिअस, टोकाला 345. हीटर ठणठणीत. काढून ठेवलेले बिट मात्र काळेकुट्ट, आणि नॉब 450 ला टेकलेला. पाच मिनिटांचे काम, पण तपासणीचे शुल्क लागते म्हणून ग्राहक नाराज होतात. ती नाराजी टळावी म्हणून हे पत्रक. "स्वस्तातले कोणते घेऊ?" या रोजच्या प्रश्नाचे उत्तरही यातच दिले आहे, कारण दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

चूक कुठे होते

बॉक्समधून बहुधा सुईसारखे टोकदार बिट निघते. दिसायला नाजूक, अचूक. त्याने रेझिस्टरचा पाय सहज लागतो. मग सर्किट बोर्डावरचा एखादा ग्राउंडचा पॅड (सोल्डर लावायची तांब्याची जागा) येतो, मागे तांब्याचा मोठा पसारा असलेला, आणि सोल्डर ढिम्म हलत नाही. हात आपसूक नॉबकडे जातो: 380, 420, 450.

जरा हिशेब करा. 63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे) 183 अंशांना वितळतो, शिसेविरहित एसएसी305 सुमारे 217 ते 220 अंशांना. म्हणजे 350 वर तापमान पुरून उरते. कमी पडते ती उष्णता टोकातून पॅडमध्ये जाण्याची वाट. सुईच्या टोकाचा पॅडशी स्पर्श होतो तो एका ठिपक्यापुरता. टाकी आणखी एक मजला वर चढवण्यापेक्षा तोटी मोठी लावावी, तसे इथे रुंद बिट लावायचे. 2.4 मिमीचे चिझल, म्हणजे छिन्नीसारखे चपटे, बिट 340 वर जे करते, ते सुईसारखे बिट 450 वरही करत नाही.

आणि 450 चे नुकसान वेगळेच. बिट आतून तांब्याचे असते, त्यावर लोखंडाचा पातळ थर आणि कामाच्या टोकावर कथील. टोक कथलाने ओले असेल तरच सोल्डर त्यावर पसरतो. जास्त तापमानाला फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारे, वायरीतच भरलेले रसायन) जळून कोळसा होतो, कथील आणि लोखंड दोन्हींवर ऑक्साइड चढते, आणि हे ऑक्साइड उष्णता नीट जाऊ देत नाही. मग सोल्डर गोळी होऊन घरंगळतो. ग्राहकाला वाटते स्टेशन थंड पडले, तो नॉब आणखी फिरवतो, बिट आणखी काळे पडते. हे चक्र संध्याकाळपर्यंत चालले की दुसऱ्या दिवशी स्टेशन आमच्याकडे.

बिट तापवण्याच्या पद्धती

परवडणाऱ्या स्टेशनांत मुख्यतः तीन घराणी आहेत.

पहिले 936 पद्धतीचे. हाक्को कंपनीच्या 936 या मॉडेलवरून इतक्या नकला निघाल्या की आता तो आकडा एका जातीचेच नाव झाला आहे. यात सिरॅमिकची हीटरकांडी असते आणि त्यावर 900एम जातीचे पोकळ बिट टोपीसारखे बसते. सेन्सर हीटरच्या आत. म्हणजे हीटर आणि टोक यांच्यामध्ये हवेची फट आणि धातूची लांबी. टोक पॅडवर टेकून थंड झाले तरी सेन्सरला ती बातमी उशिरा कळते, तोवर डिस्प्ले शांतपणे 350 दाखवत असतो. नॉब वाढवण्याची सवय लागते ती याच उशिरामुळे. पण बिट स्वस्त, आकार भरपूर, आणि शिकाऊ हाताची आदळआपट सोसणारे दुसरे काही नाही. अर्थात बिटावरची आदळआपट, हीटरवरची नव्हे. सोल्डर झटकायला हँडल टेबलावर आपटाल तर सिरॅमिकला चीर जाईल.

दुसरे टी12. हीटर, सेन्सर आणि टोक एकाच कार्ट्रिजमध्ये, सेन्सर टोकाच्या अगदी जवळ. टोक थंड पडले की स्टेशनला लगेच कळते आणि ते जास्त ताकद सोडते. आकडेमोड करण्यासारखी गोष्ट इथे आहे, कारण स्वस्त टी12 किट अनेक जण घरात पडलेल्या अडॅप्टरवर चालवतात. कार्ट्रिजचा रोध साधारण 8 ओहम असतो. 24 व्होल्टला 72 वॅट मिळतात, लॅपटॉपच्या 19 व्होल्टला 45, आणि राउटरच्या 12 व्होल्टला फक्त 18. या शेवटच्या मंडळींचीही तक्रार तीच असते, "गरमच होत नाही". त्यांचे बिट चांगले असते, स्टेशनही चांगले असते. 24 व्होल्टचा आणि किमान 4 अँपिअरचा पुरवठा लावा, बस.

टी12 चे बिट महाग वाटते कारण प्रत्येक बिटासोबत हीटरही नवा विकत घेतला जातो. आम्ही त्यावर काही जास्त कमावतो असे नाही. उलट 936 चे हीटर वारंवार बदलणारे ग्राहक हिशेब मांडून स्वतःच टी12 कडे वळले आहेत.

तिसरे 245 आणि 210. जेबीसी कंपनीच्या कार्ट्रिजवरून आलेली ही जात. तत्त्व टी12 चेच, पण रोध खूप कमी, त्यामुळे थंड टोक दोन-तीन सेकंदांत कामाला तयार. मूळ जेबीसी स्टेशन 130 वॅटपर्यंत ताकद देते. स्टँडवर ठेवताच तापमान आपोआप खाली येते, म्हणून बिट टिकते. मोबाइल दुरुस्तीत सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्यांना 210 हवे, जाड तारा आणि मोठे ग्राउंड असणाऱ्यांना 245. फक्त नकली स्टेशन घेताना आतला पॉवर सप्लाय बघा. दर्शनी भाग देखणा आणि पोटात मरतुकडा पुरवठा, असे बरेच येतात.

चौथी एक पद्धत आहे, परवडणारी नव्हे पण डोकेबाज. चुंबकीय धातू ठरावीक तापमानाला चुंबकत्व सोडतो, त्याला क्युरी बिंदू म्हणतात. वेलर कंपनीच्या जुन्या मॅग्नास्टॅट स्टेशनमध्ये बिटाच्या बुडालाच तसा तुकडा असतो आणि तो स्विच उघडतो-मिटतो. बुडावर 7 आकडा म्हणजे 700 फॅरनहाइट, सुमारे 370 सेल्सिअस. मेटकल कंपनीचे स्टेशन हेच उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने करते. दोन्हींत फिरवायला नॉबच नाही! आमच्या टेबलावर काळी बिटे घेऊन येणाऱ्यांत ही स्टेशने फारशी नसतात, यात आम्हाला नवल वाटत नाही.

आठवड्यातून दोनदा हातात घेणार असाल तर चांगल्या 936 वर समाधान माना आणि उरलेले पैसे बिटांवर आणि चांगल्या सोल्डर वायरवर घाला. रोजचे काम असेल तर टी12. धंदाच दुरुस्तीचा असेल तर 245 चा विचार करा. कोणतेही घ्या, आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक स्टेशनवर आम्ही टोकदार बिट काढून 2.4 मिमी चिझल चढवूनच देतो. टोकदार पिशवीत मिळेल. "बॉक्समधले बिट बदलले" म्हणून शंका घेणारेही भेटतात, म्हणून हा खुलासा.

काळे बिट परत कामाला लावणे

तापमान 250 च्या आसपास आणा. टोकावर फ्लक्स असलेली ताजी सोल्डर वायर भरपूर सोडा, पितळी तारेच्या गोळ्यात खुपसून पुसा, पुन्हा सोडा, पुन्हा पुसा. आठ-दहा वेळा केल्यावर एखाद्या कोपऱ्यात चमक दिसेल, तिथून कल्हई पसरत जाते. हट्टी बिटाला टिप-टिनर, म्हणजे टोकावर पुन्हा कथील चढवणारी, पेस्ट लागते. कानस किंवा पॉलिश पेपर मात्र चुकूनही नको. बिट अर्धा तास चकाकेल, कारण तुम्ही लोखंडाचा थर काढून तांबे उघडे केलेले असते. मग सोल्डरमधले कथील ते तांबे खात सुटते आणि टोकाला खड्डा पडतो. असे बिट आम्हालाही वाचवता येत नाही, आणि बिटावर वॉरंटी नाही ती याचसाठी.

काम संपले की बिट स्वच्छ पुसून बंद करण्याची शिस्तही उलटी आहे. टोकावर सोल्डरचा थेंब राहू द्या आणि मग स्विच बंद करा. तो थेंब हवेपासून टोक झाकतो. चहाला उठतानाही तेच, आणि तापमान 200 वर. स्पंज वापरत असाल तर पिळून ओलसर ठेवा, निथळता नको.

हीटर मागवण्यापूर्वी

936 चे हीटर दोन जातींचे येतात आणि बाहेरून सारखे दिसतात. थंड हँडलवर मल्टिमीटर लावा. सेन्सरच्या तारांत 43 ते 58 ओहम आणि हीटरच्या तारांत 2.5 ते 3.5 ओहम दिसले तर तो ए1321 जातीचा. सेन्सर एक-दोन ओहम दाखवत असेल तर त्यात थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या जोडाचा वेगळ्या जातीचा सेन्सर, आहे. एकाच्या जागी दुसरा बसवला तर स्टेशन भलतेच तापमान दाखवेल, आणि जोडून वापरलेला हीटर आम्ही परत घेत नाही. तारांचे आकडे लिहून पाठवा, योग्य तो काढून ठेवतो. मीटर हातात आहेच, तर टोक आणि प्लगची अर्थ पिन यांमधला रोधही मोजा. 2 ओहमपेक्षा जास्त आला तर आधी अर्थिंग नीट करून घ्या, कारण मॉसफेट (बोर्डावरचे नाजूक ट्रान्झिस्टर) बिटाच्या काळेपणामुळे नाही, यामुळे मरतात.

तरीही दुरुस्तीला यायचे ठरले, तर हँडल, बिट आणि अडॅप्टर तिन्ही सोबत आणा. नुसते स्टेशन आणलेत तर आम्ही आमच्या बिटाने आणि आमच्या पुरवठ्यावर तपासू, ते व्यवस्थित चालेल, आणि तुम्हाला दुसरी फेरी पडेल.