भोंगा ओळखायचा तर बंद होताना ऐका

शिकागोच्या उपनगरांत महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगे वाजतात. टॉर्नेडोचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची ती चाचणी. भोंगा कुठल्या मॉडेलचा, हे ओळखण्याचा नाद असलेले लोकही अमेरिकेत आहेत.

नजरेने ओळखणं सोपं. खांबावर एकावर एक रचलेल्या ताटल्या दिसल्या, की तो बहुधा फेडरल सिग्नल या कंपनीचा ‘मॉड्युलेटर’, म्हणजे स्पीकरवाला. एकच चौकोनी तोंडाचा कर्णा गोल फिरतोय आणि ब्लोअरच्या पेटीतून जाड नळी त्याच्याकडे गेलीय, तर १९५०च्या दशकात आलेला ‘थंडरबोल्ट’. खरी गंमत कानाची आहे.

यांत्रिक भोंग्यात खिडक्या पाडलेलं चक्र तशाच खिडक्यांच्या पिंजऱ्यात फिरतं. खिडकीसमोर खिडकी आली की हवेचा झोत सुटतो, सरकली की तुटतो. सेकंदाला जितके झोत, तितकी वारंवारता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे मोटर मिनिटाला साधारण ३,४५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५७.५. दहा खिडक्या असतील तर ५७५ हर्ट्झ, बारा असतील तर ६९०.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मोटर २,८५०च्या आसपास फिरते आणि तेच बारा खिडक्यांचं चक्र ५७० हर्ट्झवर वाजतं, म्हणजे जवळपास अमेरिकेतल्या दहा खिडक्यांच्या चक्राइतकं! नुसत्या पट्टीवरून मॉडेल सांगणारा इथे हमखास फसतो.

दोन सुरांच्या भोंग्यात मात्र अंतर फसवत नाही. एकाच दांड्यावर दहा आणि बारा खिडक्यांची चक्रं असली, तर सुरांचं प्रमाण ५:६, म्हणजे सा आणि कोमल ग. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश भोंग्यांची ती उदास हाक यातूनच येते. आठ आणि बारा असतील तर सा-प, तंबोऱ्यासारखं भरीव.

बटण बंद केलं तरी जड चक्र लगेच थांबत नाही. दोन्ही सूर लांबलचक मींड घेत खाली उतरतात, पण दांडा एकच असल्याने त्यांच्यातलं अंतर शेवटच्या घरघरीपर्यंत तसंच राहतं. इलेक्ट्रॉनिक भोंगा ही नक्कल करू शकतो. पण एकसुरी आवाज वाजता वाजता कात्रीने कापल्यासारखा तुटला, तर वर चक्र नाही, स्पीकर आहे.