पाळण्यातले पाय आणि हाडांतले घड्याळ

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की ती कितपत खरी आहे हे तपासून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. खेळाच्या जगात मात्र तिच्या भरवशावर मोठ्या संस्था उभ्या आहेत. फुटबॉलचे नामांकित क्लब आठ-नऊ वर्षांची मुले हेरतात, त्यांना आपल्या अकादमीत घेतात, दरवर्षी काहींना पुढच्या वयोगटात चढवतात आणि काहींना घरी पाठवतात. दहा वर्षांनंतरचा संघ आज घडवण्याची ही रीत आहे आणि ती यशस्वी झाल्याची उदाहरणेही डोळे दिपवणारी आहेत. बार्सिलोनाची ‘ला मासिया’ ही अकादमी १९७९ साली सुरू झाली. पुढे २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हान्तेविरुद्धच्या लीग सामन्यात असा काही काळ आला, की मैदानावरचे बार्सिलोनाचे अकराच्या अकरा खेळाडू याच अकादमीत घडलेले होते.

याच रीतीची दुसरी बाजू जेमी वार्डीच्या रूपाने समोर येते. शेफील्ड वेन्सडे या क्लबने त्याला सोळाव्या वर्षी अंगापिंडाने लहान म्हणून सोडून दिले. त्यानंतर तो कित्येक वर्षे खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०१६ साली लेस्टर सिटीने इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली तेव्हा त्या हंगामातले २४ गोल त्याच्या नावावर होते. ज्यांनी त्याला नाकारले त्यांची नजर कमजोर नव्हती. समोरचा मुलगा खरोखरच लहानखुरा होता. त्यांना जे दिसले ते बरोबर होते, त्यावरून त्यांनी जे ताडले ते चुकले. उगवत्या खेळाडूंच्या निवडीत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात असे माझे मत आहे, आणि त्यांचे मूळ मुलांच्या हाडांमध्ये आहे.

या चुकांपैकी एक पहिल्यांदा आकड्यांत पकडली गेली ती कॅनडात. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या पत्नी पॉला हे तरुण खेळाडूंचा आइस हॉकीचा सामना पाहायला गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या नावांसमोर जन्मतारखा छापलेल्या होत्या. ती पत्रिका चाळताना पॉला यांच्या लक्षात आले की जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येत आहेत. बार्न्सली यांनी मोठ्या संख्येने खेळाडूंच्या जन्मतारखा गोळा केल्या, तेव्हा वरच्या दर्जाच्या कनिष्ठ गटांत सुमारे ४० टक्के खेळाडू वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले निघाले, तर शेवटच्या तिमाहीतले जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास होते. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ असे नाव मिळाले. कारण साधे आहे. कॅनडाच्या हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. त्यामुळे १ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेला ही दोन्ही मुले एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी या दोघांतला फरक म्हणजे धाकट्याच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा असतो. थोरला थोडा उंच, थोडा वेगवान आणि थोडा अधिक समजदार असतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो.

जन्ममहिना आणि यश यांचा संबंध आहे म्हटले की राशी-नक्षत्रांचा हवाला देणारे पुढे सरसावतात, म्हणून येथेच सांगून टाकतो. बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये वयोगटाची सुरुवात पूर्वी १ ऑगस्टपासून मोजत आणि तेव्हा निवडलेल्या मुलांमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या जन्मतारखांची गर्दी होती. १९९७ साली ही तारीख १ जानेवारी करण्यात आली आणि गर्दी सरकून वर्षाच्या पहिल्या महिन्यांत आली. ग्रहतारे होते तेथेच होते, बदलली ती नियमावलीतली एक ओळ. मुलाची पत्रिका पाहून त्याने कोणता खेळ निवडावा हे सांगणाऱ्यांनी या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे.

जन्मतारखेचा फरक फार तर एका वर्षाचा असतो. वयात येण्याच्या वेळेचा फरक मात्र त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि तो जन्मदाखल्यावर लिहिलेला नसतो. जन्मतारखेने तेरा वर्षांच्या असलेल्या दोन निरोगी मुलांपैकी एकाचा सांगाडा पंधरा वर्षांच्या मुलासारखा आणि दुसऱ्याचा अकरा वर्षांच्या मुलासारखा असू शकतो. समजा, दोघेही मोठेपणी १७८ सेंटिमीटर उंच होणार आहेत. पहिल्याने आपल्या अंतिम उंचीचा ९५ टक्के भाग गाठला असेल तर आज तो १६९ सेंटिमीटर आहे आणि दुसरा ८५ टक्क्यांवर असेल तर तो १५१ सेंटिमीटर आहे. चेंडूसाठी दोघांनी एकदम उडी मारली तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पाच वर्षांनी हे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतील, पण तोवर दुसऱ्याने खेळ सोडलेला असण्याची शक्यता बरीच असते.

हा फरक जेथे घडतो ती जागा अतिशय देखणी आहे आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. वाढत्या वयातल्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीचा, एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी वाढते ती केवळ येथे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक, म्हणजे गुडघ्याच्या वर आणि खाली असलेल्या दोन प्लेट मिळून पायाच्या लांबीतली सुमारे दोन तृतीयांश वाढ घडवतात. या थराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात तीन मजले दिसतात. हाडाच्या टोकाकडच्या मजल्यावर राखीव पेशी विखुरलेल्या आणि शांत असतात. त्यांतल्या काही जाग्या होतात आणि मधल्या मजल्यावर विभागू लागतात. विभागणीनंतर या चपट्या पेशी एकीवर एक अशा रचल्या जातात की नाण्यांच्या चवडी उभ्या केल्यासारख्या वाटाव्यात. तिसऱ्या मजल्यावर येताच त्या विभागणे थांबवतात आणि पाणी व इतर द्रव्ये शोषून फुगू लागतात. एकेका पेशीचे आकारमान दहा पट किंवा त्याहूनही अधिक वाढते आणि ही फुगण्याची दिशा मुख्यतः हाडाच्या लांबीचीच असते. चवडीतले प्रत्येक नाणे असे जाड होत गेले की वरचे टोक खालच्या दांड्यापासून दूर ढकलले जाते. मूल उंच होते ते या ढकलण्याने. फुगलेल्या पेशींभोवती कॅल्शियमचे क्षार साचतात, खालून रक्तवाहिन्या शिरकाव करतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी त्या कूर्चेच्या जागी हाड रचतात. वरून नवी नाणी येत राहतात, खालून हाड चढत राहते आणि प्लेटची जाडी बराच काळ जवळजवळ तेवढीच राहते.

वयात येण्याचा इशारा मिळाला की या कारखान्याचा वेग वाढतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडू लागते. त्याच्या प्रभावाने यकृतात आणि प्लेटमध्येही इन्सुलिनसारखा एक वाढघटक तयार होतो आणि पेशी अधिक जोमाने विभागतात आणि फुगतात. मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलींमध्ये त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी उंचीचा वेग शिखर गाठतो. मुलांमध्ये तो वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. फ्रान्समधील काउंट द मोंबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठरा वर्षे नियमितपणे मोजली. एका व्यक्तीच्या वाढीची ही सर्वांत जुनी सलग नोंद मानली जाते. तिच्यापासून काढलेल्या आलेखातही हे शिखर स्पष्ट दिसते.

आता या कथेतला मला सर्वाधिक आवडणारा भाग. हा कारखाना बंद कोण करते? मुलांच्या बाबतीत ‘पुरुषी’ संप्रेरक टेस्टोस्टेरॉन, असे कोणीही म्हणेल आणि बराच काळ समजही तसाच होता. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती. त्याच्या हाडांचे वय पंधरा वर्षांचे भरले आणि प्लेट उघड्या होत्या. त्याचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, दाढी-मिशा होत्या, पण इस्ट्रोजेनचा संदेश पेशीत स्वीकारणारे प्रथिन जनुकीय दोषामुळे निकामी होते. म्हणजे ज्याला आपण स्त्रीचे संप्रेरक म्हणतो तेच पुरुषाच्या हाडांनाही थांबण्याचा निरोप देते. मुलांच्या शरीरात अॅरोमॅटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. हे इस्ट्रोजेन आधी वाढीच्या संप्रेरकाला चालना देऊन वेग वाढवते आणि मग प्लेटमधला राखीव साठा लवकर संपवून तिला कायमचे हाड बनवते. उंचीला भर देणारे आणि तिला कुलूप लावणारे द्रव्य एकच आहे. म्हणूनच जो मुलगा लवकर उंच होतो तो लवकर थांबतोही, आणि उशिरा वयात येणाऱ्याच्या पायांना लांब होण्यासाठी दोन-तीन वर्षे अधिक मिळतात. लिओनेल मेस्सीला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती आणि त्यावरील उपचारांचा उपयोग झाला तो प्लेट उघड्या होत्या म्हणून. प्लेट मिटल्यानंतर उंची वाढवून देण्याचे आश्वासन देणारी पावडर, गोळी किंवा लटकण्याचे यंत्र यांपैकी कशालाही काम करायला शरीरात जागाच उरलेली नसते.

डाव्या मनगटाचा एक्स-रे समोर धरला की हे घड्याळ वाचता येते. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी एक काळसर रेघ दिसते. ती प्लेट होय, कारण कूर्चा क्ष-किरणांना अडवत नाही. वय वाढते तशी रेघ अरुंद होते, मधोमध पुसट होते आणि शेवटी नाहीशी होते. सतरा वर्षांखालील स्पर्धांत वय लपवणारे खेळाडू ओळखण्यासाठी फिफा याच जागेचे एमआरआय चित्रण वापरते. अकादमीतल्या रोजच्या कामासाठी मात्र इतके करण्याची गरज नसते. मुलाचे वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची एवढ्यावरून अंतिम उंचीचा अंदाज बांधणारी खामिस-रोश पद्धत १९९४ पासून उपलब्ध आहे. आजची उंची त्या अंदाजाच्या किती टक्के आहे हे काढले की मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळते. अंदाज काही सेंटिमीटरने चुकू शकतो, म्हणून त्या आकड्याला ब्रह्मवाक्य मानू नये, पण नुसत्या नजरेपेक्षा तो पुष्कळ भरवशाचा असतो.

प्रशिक्षकाला याचा उपयोग निवडीपुरताच नसतो. उंचीच्या उसळीत हाडे आधी लांबतात आणि स्नायूंची भर काही महिने मागून येते. कालपर्यंत चेंडू सहज थांबवणारा मुलगा अचानक अडखळू लागतो, धावताना पाय ओढल्यासारखा दिसतो, गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखते म्हणतो. जेथे स्नायूचा कंडरा कूर्चेच्या वाढत्या भागाला खेचतो तेथे हे दुखणे उद्भवते. नेमक्या याच महिन्यांत ‘याचे लक्ष उडाले’ असा शेरा वहीत पडतो आणि मूल यादीतून गळते. त्या काळात उड्या आणि वेगवान धावण्याचा भार कमी करून वाट पाहणे हा त्यावरचा उपाय आहे आणि त्यासाठी उंची नियमितपणे मोजण्याखेरीज काहीही खर्च नाही.

यावर काही संघांनी विचारपूर्वक प्रयोग केले आहेत. इंग्लिश प्रीमियर लीगने चार व्यावसायिक क्लबांतली ११ ते १४ वर्षांची अशी मुले एका स्पर्धेत खेळवली, जी आपापल्या अंदाजित उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान होती. याला बायो-बँडिंग म्हणतात. लवकर वाढलेल्या मुलांनी नंतर सांगितले की येथे धक्क्याने काम भागत नव्हते, डोके आणि पाय वापरावे लागले. उशिरा वाढणाऱ्यांना चेंडू पायाशी ठेवण्याची आणि इतरांना हाका मारून खेळ चालवण्याची संधी मिळाली. या प्रयोगातला पहिला निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो, कारण अंगबळावर जिंकत आलेल्या मुलाचे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. सोबतचे सगळे त्याच्या उंचीला पोचतात तेव्हा त्याच्याकडे दुसरे काही शिकलेले नसते. बेल्जियमच्या फुटबॉल महासंघाने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्यूचर्स’ नावाचे वेगळे राष्ट्रीय संघच उभे केले.

अशी वाट पाहण्यात दयेचा भाग नाही, हिशेबाचा आहे. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये १९८० ते २००६ या काळात निवडल्या गेलेल्या खेळाडूंचा अभ्यास झाला आहे. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंनी आपल्या निवडक्रमावरून, म्हणजे संघांनी त्यांना कितव्या क्रमांकावर निवडले होते त्यावरून, अपेक्षित होती त्यापेक्षा सरस कामगिरी केली. म्हणजे संघ वर्षानुवर्षे थोरल्यांसाठी जास्त मोल देत होते आणि धाकटे स्वस्तात सोडून देत होते.

निवडकर्त्याच्या नजरेला ही सवय किती घट्ट चिकटलेली असते, हे नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात दिसले. त्याचा वृत्तान्त २०१७ साली प्रसिद्ध झाला. अनुभवी स्काउटांना, म्हणजे क्लबांसाठी गुणी खेळाडू हेरणाऱ्यांना, लहान मुलांचा सामना दाखवून गुणवत्तेनुसार क्रम लावायला सांगितले, तेव्हा वयाने थोरली मुले वर आली. दुसऱ्या गटाला मुलांच्या जन्मतारखांची यादी हातात दिली, तरीही थोरलीच वर आली. तिसऱ्या गटासाठी मुलांच्या जर्सीवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले आणि तसे स्काउटांना सांगून ठेवले. पळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर त्याचे वय दिसू लागले आणि थोरल्यांकडे झुकलेला कल नाहीसा झाला.