ब्रुगमॅन्सियाचे संकर आणि नावांचा जुना गुंता

ब्रुगमॅन्सिया म्हणजे धोतऱ्याच्या नात्यातलं, लोंबत्या तुतारीसारख्या फुलांचं झाड. त्याच्या कुंडीवर आजही कधी ‘दतुरा’, तर बहुतेकदा ‘कँडिडा’ एवढंच लिहिलेलं असतं. दोन्ही नावांचा बागेत उपयोग कमीच. ती चिकटून का राहिली, हे कळलं तर संकर ओळखणं सोपं जातं.

दक्षिण अमेरिकेतलं हे झाड १७५३ साली धोतऱ्याच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातलं गेलं. त्या प्रजातीचं शास्त्रीय नाव ‘दतुरा’, आपल्या ‘धत्तूर’ शब्दावरून आलेलं. १८०५ साली एका डच शास्त्रज्ञाच्या नावाने वेगळी प्रजाती मांडली गेली. १९२१ मध्ये ती पुन्हा धोतऱ्यात विलीन झाली. फुलं सारखी, विषारी द्रव्यंही (अल्कलॉइडं) तीच, म्हणून हे एकत्रीकरण वरवर पटतं. पण फळ हातात घेतलं की ते टिकत नाही. धोतऱ्याचं फूल वर तोंड करून उमलतं आणि बोंड बहुधा काटेरी असतं. ब्रुगमॅन्सिया लाकडी खोडाची, तिचं फूल लोंबतं किंवा झुकतं, फळ बिनकाट्याचं असून आपोआप तडकत नाही आणि बियांवर बुचासारखं जाड साल असतं. १९७३ मध्ये प्रजाती पुन्हा वेगळी झाली आणि ते योग्यच झालं. मधल्या पन्नासेक वर्षांत जुनं नाव मात्र बागांतून रुळून गेलं.

‘कँडिडा’चा गोंधळ अधिक त्रासदायक. १८०५ साली जाती म्हणून नाव मिळालेली ही वनस्पती प्रत्यक्षात ऑरिया आणि व्हर्सिकलर या ब्रुगमॅन्सियाच्याच दोन जातींचा संकर आहे. सुआवेओलेन्स ही आणखी एक जात; तिचा आणि व्हर्सिकलरचा संकर पुन्हा सुआवेओलेन्सशी झाला की तो ‘इन्सिग्निस’. ऑरिया, सुआवेओलेन्स आणि व्हर्सिकलर तिन्हींचं रक्त असेल तर ‘क्युबेन्सिस’. आजचे कितीतरी बागायती वाण या तिसऱ्या गटातले, तरी चिठ्ठीवर सर्रास ‘कँडिडा’च.

चिठ्ठी बाजूला ठेवून फुलाचा देठाकडचा भाग पाहावा. फुलाच्या नळीचा अरुंद भाग पुष्पकोशाच्या (बुडाशी असलेल्या हिरव्या वेष्टनाच्या) आतच राहिला, कोशाला दोन ते पाच दात असले, परागकोश एकमेकांना चिकटलेले असले आणि फूल तिरकं झुकलं, तर सुआवेओलेन्सकडे झुकाव. अरुंद नळी कोशाबाहेर लांब उतरून फूल सरळ खाली लोंबत असेल, तर व्हर्सिकलरचं रक्त. संकरात ही लक्षणं मिसळतात, म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. रंगावर तर मुळीच नको: कित्येक फुलं पांढरी उमलून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि थंडीत तोच रंग गडद होतो.

स्वतः संकर करायचा तर गट पाळावा लागतो. ऑरिया, सुआवेओलेन्स, व्हर्सिकलर आपसांत जुळतात. आर्बोरिया, सँग्विनिया, व्हल्कॅनिकोला या जातींचा थंड हवेचा गट वेगळा, आणि दोन गटांमधला संकर सहसा होत नाही. आपल्याकडच्या उष्ण सपाटीवर पहिलाच गट धरावा.

परागीभवन होऊनही फळ गळतं, त्यामागे अनेकदा साधं कारण असतं. उष्ण गटातली झाडं सहसा स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत आणि छाटकलमांनी पसरलेली शेजारपाजारची रोपं बहुधा एकाच झाडाची असतात. पराग वेगळ्या वाणाचाच हवा. फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी चिरून परागकोश काढावेत, पराग लावून कळी बांधावी आणि देठाला आई-बापाच्या नावांची चिठ्ठी लावावी. हातमोजे हवेतच, रस डोळ्यात गेला तर बाहुली विस्फारते. फळ पिकायला काही महिने लागतात. पेरण्याआधी बीचं साल भिजवून काढलं की उगवण लवकर होते.

खोड इंग्रजी वाय (Y) आकारात फुटल्याशिवाय रोप फुलत नाही, म्हणून वाय फुटण्याआधी नुसते कोंब पाहून ते टाकून देऊ नये. पहिला बहरही फसवतो. दुहेरी फुलांची रोपं त्यात अनेकदा एकेरी फुलं देतात. निवड दुसऱ्या-तिसऱ्या बहरावर करावी आणि निवडलेल्या रोपाची कलमं वायच्या वरून घ्यावीत, ती लवकर आणि बुटकी फुलतात. पानं चट्ट्यापट्ट्यांची, सुरकुतलेली दिसली तर विषाणूची शंका धरून त्या झाडाचं कलमही घेऊ नये, परागही नको.