कल्पर हेरजाळे

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या ताब्यातील न्यूयॉर्क शहरातून जॉर्ज वॉशिंग्टनला बातम्या पुरवणारा हेरांचा गट. घोडदळातील मेजर बेंजामिन टालमेज याने तो १७७८ मध्ये उभारला. शहर ब्रिटिशांनी सप्टेंबर १७७६ मध्ये घेतले होते. त्याच महिन्यात नेथन हेल हा तरुण अधिकारी टेहळणी करताना पकडला जाऊन फासावर गेला. हेल आणि टालमेज येल महाविद्यालयात एकत्र शिकलेले.

टालमेजने माणसे निवडली ती बहुतेक लाँग आयलंडवरच्या सिटॉकेट या आपल्या जन्मगावची. ‘सॅम्युअल कल्पर’ या टोपणनावाने लिहिणारा एब्राहम वुडहल शेतकरी होता. न्यूयॉर्कमध्ये त्याची बहीण राहत असल्याने तिथे त्याचे जाणे-येणे कुणाला खटकत नसे. तो स्वभावाने मात्र भित्रा. १७७९ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या सैनिकांनी घरी येऊन त्याच्या वडिलांना मारहाण केल्यावर शहरातले काम रॉबर्ट टाउनसेंडकडे, म्हणजे ‘धाकट्या कल्पर’कडे आले. हा व्यापारी. दुकानाच्या निमित्ताने अधिकाऱ्यांत मिसळून तो जहाजे, पलटणी, रसद यांची माहिती काढी. टॅव्हर्न म्हणजे उतारूंसाठी खानावळ-मद्यगृह चालवणारा ऑस्टिन रो मालखरेदीसाठी म्हणून शहरात जाई आणि सुमारे ९० किलोमीटरची घोडदौड करून टपाल सिटॉकेटला आणी. तिथून केलब ब्रूस्टर वल्ह्यांच्या होडीने सामुद्रधुनी ओलांडून ते कनेटिकटच्या किनाऱ्यावर पोचवी. प्रत्येकाला रोजचा खराखुरा धंदा होता, हेच या जाळ्याचे खरे बळ. धाकटा कल्पर कोण, हे खुद्द वॉशिंग्टनलाही ठाऊक नव्हते.

पत्रे अदृश्य शाईने लिहीत. ही शाई जेम्स जे या वैद्याने तयार केली होती. दुसरे रसायन फिरवले की अक्षरे उमटत. ही शाई मिळायची जेमतेम. एकदा वुडहल लिहीत बसला असताना खोलीचे दार धाडकन उघडले. ब्रिटिश आले अशा समजुतीने तो दचकून उठला आणि शाईची कुपी वाया गेली. आत शिरलेली माणसे ओळखीचीच निघाली. जुलै १७७९ मध्ये टालमेजची काही कागदपत्रे शत्रूच्या हाती लागल्यावर त्याने शब्दांना आकडे देणारे ७६३ नोंदींचे सांकेतिक पुस्तक केले. त्यात वॉशिंग्टन ७११, न्यूयॉर्क ७२७.

जाळ्याची सर्वांत ठळक कामगिरी जुलै १७८० ची. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट बंदरात नुकत्याच उतरलेल्या, अमेरिकनांच्या मदतीला आलेल्या फ्रेंच सैन्यावर हल्ला करण्याची ब्रिटिश तयारी टाउनसेंडने कळवली. एक तासही दवडू नकोस, असे वुडहलने ब्रूस्टरला लिहिले. वॉशिंग्टन मुक्कामी नसल्याने त्याचा सहायक अलेक्झांडर हॅमिल्टन याने बातमी पुढे धाडली. हल्ला झाला नाही. पण त्याचे सगळे श्रेय हेरांना देणे बरोबर नाही, कारण ब्रिटिश सेनापती व नौदलप्रमुख यांच्यात बेबनाव होताच. ब्रिटिशांना सामील झालेला अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट आर्नल्ड याची फितुरीही याच गटाने उघडकीस आणली असे सर्रास सांगतात. खरे तर ती उघड झाली आर्नल्डशी संधान बांधणारा ब्रिटिश अधिकारी मेजर जॉन आंद्रे सप्टेंबर १७८० मध्ये टॅरीटाउनजवळ पकडला गेल्यामुळे. त्याला आर्नल्डकडे परत पाठवले जात असताना टालमेजने हस्तक्षेप केला, एवढा संबंध मात्र खरा.

लोकप्रिय कथांपैकी दोन जपून घ्याव्यात. सिटॉकेटची ॲना स्ट्राँग वाळत घातलेला काळा परकर आणि रुमाल यांतून ब्रूस्टरच्या होडीचा ठावठिकाणा कळवी, ही कथा परंपरेने आलेली आहे. तिला समकालीन पुरावा नाही. ‘एजंट ३५५’ या रहस्यमय हेर-स्त्रीचा आधार तर त्याहून तोकडा. संकेतपुस्तकात ३५५ म्हणजे नुसती ‘स्त्री’, आणि वुडहलच्या एका पत्रात आपल्या ओळखीच्या ३५५ ची मदत होईल असा ओझरता उल्लेख येतो. बाकी डोलारा पुढच्या लेखकांचा.

युद्धानंतर बहुतेकांनी तोंड उघडले नाही. वॉशिंग्टन १७९० च्या लाँग आयलंड दौऱ्यात रोच्या टॅव्हर्नमध्ये राहिला, पण रोजनिशीत त्याने जागा बऱ्यापैकी आणि माणसे अगत्यशील एवढेच नोंदवले. टाउनसेंड १८३८ मध्ये वारला. धाकटा कल्पर तोच, हे विसाव्या शतकात मॉर्टन पेनिपॅकर या इतिहाससंशोधकाने हस्ताक्षरे ताडून दाखवले.