माल पडून कुणाकडे? पुरवठादारांशी जमवून घेण्याची शंभर वर्षं

खरेदी विभागात नवा आलेला माणूस पहिला शब्द शिकतो तो ‘एल-वन’, म्हणजे सगळ्यात कमी दर देणारा. तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यात कमी दरवाल्याला ऑर्डर द्यायची, फाइल बंद. या सवयीला कोणी धोरण म्हणत नाही. पण गेल्या शतकभरात कारखानदारीनं पुरवठादारांशी वागण्याचे जे जे प्रयोग केले, त्यांतले बहुतेक याच सवयीच्या बाजूनं किंवा तिच्या विरुद्ध होते. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’, म्हणजे पुरवठ्याच्या साखळीचं व्यवस्थापन, हा शब्द तसा तरुण आहे. सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी 1982 मध्ये तो चलनात आणला असं मानतात. त्याखालचं नातं मात्र फार जुनं. ते समजून घ्यायची माझी एक साधी रीत आहे. प्रत्येक टप्प्यावर विचारायचं, की न खपलेला माल कोणाच्या शेडमध्ये पडून होता आणि त्यात पैसे कोणाचे अडकले होते.

1903 मध्ये फोर्ड मोटर कंपनी निघाली तेव्हा ती गाड्या घडवत नव्हती, जोडत होती. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, म्हणजे गाडीचा सगळा जीव, डेट्रॉइटमधल्या जॉन आणि होरेस डॉज या भावांच्या वर्कशॉपमधून यायचा. नव्या कंपनीकडे रोकड बेताची होती, आणि डॉज बंधूंच्या हाती कंपनीचे 10 टक्के शेअर आले. धोका पुरवठादारानं उचलला आणि मोबदल्यात मालकीत हिस्सा घेतला. इतका उघड व्यवहार पुढच्या इतिहासात फारसा दिसत नाही. पण एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर वर्कशॉप चालवणाऱ्याला झोप कशी लागणार? हेन्री फोर्ड एकेक भाग स्वतःकडे करून घेऊ लागले. डॉज बंधूंनी 1913 मध्ये काम सोडत असल्याची नोटीस दिली आणि 1914 मध्ये स्वतःची गाडी बाजारात आणली. पुढे लाभांशाच्या वादात त्यांनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला कोर्टात खेचलं आणि 1919 मध्ये खटला जिंकलाही.

फोर्ड यांचं उत्तर टोकाचं होतं: कोणावर अवलंबून राहायचंच नाही. रूज नदीकाठच्या अवाढव्य कारखान्यात एका बाजूनं लोहखनिज आणि कोळसा आत जायचा, दुसऱ्या बाजूनं गाडी बाहेर पडायची. पोलाद, काच, वीज सगळं घरचं. ऐन भरात तिथे लाखभर माणसं कामाला होती. टायरसाठी रबरही स्वतःचं हवं, म्हणून 1920 च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जमीन घेऊन ‘फोर्डलँडिया’ वसवलं. रबराची झाडं एकमेकांना खेटून लावली, पानांवरच्या बुरशीनं ती धरली, आणि 1945 मध्ये सगळा पसारा ब्राझील सरकारला विकावा लागला. सगळं आपलंच ठेवलं, की पडून राहिलेला मालही आपला आणि मंदीत थंडावलेली भट्टीही आपलीच.

जनरल मोटर्सचा प्रवास थोडा वेगळा. बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडीत त्यांनी 1919 मध्ये 60 टक्के हिस्सा घेतला आणि 1926 मध्ये उरलेली कंपनीही ताब्यात घेतली. वस्तू बाहेरून घ्यायची की घरात करायची, या प्रश्नावर रोनाल्ड कोस यांनी 1937 मध्ये लिहिलेला निबंध आजही अर्थशास्त्रात पाया मानला जातो. गंमत अशी, की पुढच्या पिढीतल्या अर्थतज्ज्ञांनी फिशर बॉडीला ‘पुरवठादारानं अडवून धरलं’ याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण करून टाकलं. कोस यांचं वय तेव्हा नव्वदीत होतं, तरी ते हिरिरीनं सांगत राहिले की तसं काही घडलंच नव्हतं.

खरा वेगळा रस्ता निघाला तो जपानमध्ये, आणि तोही पैशांच्या चणचणीतून. टोयोटाच्या खरेदी विभागाच्या 1939 च्या नियमांत एक कलम होतं: ज्याला आपला पुरवठादार ठरवलं त्याला आपल्याच कारखान्याची शाखा समजायचं, उगाच बदलायचं नाही आणि त्याचं काम सुधारेल असं होईल तेवढं बघायचं. ‘एल-वन’च्या अगदी उलट. त्या कंपनीकडे सगळं घरात उभारण्याइतकं भांडवल नव्हतं, हेही यामागे आहेच. त्यात सद्भावना किती आणि नाइलाज किती याचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. 1949 मध्ये तर त्यांनी स्वतःचा विद्युत विभाग वेगळा काढला. तीच आजची डेन्सो.

1949-50 मध्ये न खपलेल्या गाड्यांच्या ओझ्याखाली टोयोटा बुडायच्या बेतात होती. बँकांनी वाचवलं, पण अटी घालून: विक्रीची कंपनी वेगळी काढा, माणसं कमी करा. संप झाला, संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. विकेल तेवढंच बनवायचं, ही शिस्त त्या वर्षात अंगात भिनली. मशीन शॉप सांभाळणारे ताइची ओनो यांना त्यासाठी अमेरिकी सुपरमार्केटची कल्पना सुचली. फळीवरून जेवढं उचललं जाईल तेवढंच मागून भरायचं. त्यातून कानबान आलं.

हे कानबान म्हणजे मुळात प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड. त्यावर भागाचा नंबर, खोक्यात किती नग, कुठून आला, कुठे जायचा. खोकं उघडलं की कार्ड काढून मागे पाठवायचं. कार्ड परत आलं तरच पुढचं खोकं भरायचं. कार्ड नाही तर माल नाही. यात हुशारी कार्डाची नाही, आकड्याची आहे: लाइनवर जितकी कार्डं फिरतात तितकाच साठा असू शकतो, आणि एक कार्ड काढून घेतलं की साठा एका खोक्यानं कमी होतो. 1960 च्या दशकात ही पद्धत पुरवठादारांपर्यंत गेली.

पण त्याआधी टोयोटानं एक गोष्ट केली होती, जी नक्कल करणाऱ्यांना दिसलीच नाही. आपलं स्वतःचं रोजचं उत्पादन सपाट केलं. सोमवारी सगळ्या सेडान आणि शुक्रवारी सगळ्या व्हॅन असं न करता रोज थोड्या थोड्या सगळ्या. गिऱ्हाइकाचं शेड्यूल असं स्थिर असेल तरच पुरवठादार साठ्याशिवाय जगू शकतो. शिवाय 1970 पासून टोयोटाची माणसं पुरवठादाराच्या शॉपमध्ये जाऊन, हात काळे करून, त्याच्या मशीनची सेटिंगची वेळ, म्हणजे एका भागावरून दुसऱ्या भागावर जाताना लागणारा वेळ, कमी करून द्यायची.

1973 च्या तेलसंकटानंतर जगाचं या कंपनीकडे लक्ष गेलं आणि 1980 च्या दशकात ‘जस्ट इन टाइम’ची, म्हणजे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल आणण्याची, लाट आली. अनेकांनी त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलला: माल दर दोन तासांनी आणा. शेड्यूल मात्र आम्ही आदल्या संध्याकाळी बदलू. मग पुरवठादार काय करणार? तो गेटसमोर शेड भाड्यानं घेतो, जुन्याच पद्धतीनं मोठ्या लॉटमध्ये माल काढतो आणि शेडमधून थोडा थोडा पोचवतो. अशा एका शेडमध्ये मी उभा राहिलो आहे. आत तीन आठवड्यांचा माल, बाहेर दर दोन तासांनी सुटणारी गाडी. समोरच्या प्लांटमधल्या तक्त्यावर ‘साठा : चार तास’ असं लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. साठ्याचा फक्त पत्ता बदलला होता. व्याज पुरवठादार भरत होता आणि पुढच्या कोटेशनमध्ये ते कुठेतरी मिसळून परत गिऱ्हाइकाच्याच माथी येत होतं.

शेड्यूल हलवल्यानं मागे काय होतं, हे तोवर गणितानं मांडूनही झालं होतं. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांना जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी विचारलं होतं, की घरगुती उपकरणांच्या आमच्या कारखान्यांत कधी तीन पाळ्या चालतात आणि कधी माणसं घरी पाठवावी लागतात, असं का? बाजारातली मागणी तर इतकी हलत नव्हती. फॉरेस्टर यांनी कागद-पेन्सिलीनं हिशेब मांडला आणि दाखवलं की दोष बाजाराचा नाही, साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावरच्या ऑर्डर देण्याच्या पद्धतीचा आणि उशिराचा आहे. 1958 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरबाबत हेच दिसलं. बाळं काही महिन्याअखेरीला जास्त ओली होत नाहीत, तरी कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी उसळ्या मारत होत्या. याला आता ‘बुलव्हिप’ म्हणतात. चाबकाची मूठ बोटभर हलली की टोक हातभर उडतं, तसं. त्या टोकाला बसलेला असतो तो सगळ्यात छोटा, सगळ्यात कमी भांडवलाचा पुरवठादार.

1983 मध्ये पीटर क्रालजिक यांनी खरेदीची चार खणांची चौकट मांडली: वस्तूचा नफ्यावर परिणाम किती आणि ती न मिळण्याचा धोका किती. सगळ्या पुरवठादारांशी एकसारखं वागू नये, हा तिचा गाभा बरोबरच आहे. माझी तक्रार एवढीच, की तिथे फक्त खरेदीदार पुरवठादाराला खणात टाकतो. पुरवठादारानं आपल्याला कोणत्या खणात टाकलंय, हे विचारायची पाळी टंचाईत येते.

1990 च्या दशकात अमेरिकेत दोन विरुद्ध प्रयोग शेजारी शेजारी चालले. जनरल मोटर्समध्ये 1992 मध्ये होसे इग्नासिओ लोपेझ जगभरच्या खरेदीचे प्रमुख झाले. जुने करार बाजूला सारून नव्यानं दर मागवायचे, पुन्हा मागवायचे, पुन्हा मागवायचे. कंपनी नफ्यात येईपर्यंत खरेदीच्या माणसांनी घड्याळ उजव्या हातात बांधायचं, असा त्यांचा रिवाज होता. बचत झटपट दिसली. पण पुरवठादारांचा विश्वास उडाला. नवी कल्पना या गिऱ्हाइकाकडे आधी न्यावी असं कोणाला वाटेनासं झालं. 1993 मध्ये लोपेझ फोक्सवॅगनकडे गेले आणि मागे व्यापारी गुपितांचा मोठा वाद ठेवून गेले. तो मिटवताना 1997 मध्ये फोक्सवॅगननं 10 कोटी डॉलर मोजले.

क्रायस्लरनं 1989 पासून उलटं केलं. पुरवठादारांना सांगितलं, दर कमी करू नका, खर्च कमी करायची कल्पना आणा. बचतीत तुमचाही वाटा. पुरवठादारांची संख्या 1989 मध्ये 2,500 होती, ती 1996 पर्यंत 1,140 वर आली आणि उरलेल्यांशी करार लांब मुदतीचे झाले. मग 1998 मध्ये डेमलरशी विलीनीकरण झालं, तोटा दिसू लागला, आणि डिसेंबर 2000 मध्ये पुरवठादारांना पत्र गेलं: नव्या वर्षापासून दर 5 टक्क्यांनी कमी. दहा वर्षांत कमावलेलं नातं मोडायला एक पत्र पुरलं.

नात्याची किंमत कोटेशनमध्ये दिसत नाही, ती आगीत दिसते. 1 फेब्रुवारी 1997 ला पहाटे आयसिन सेकी कंपनीचा कारिया इथला कारखाना जळाला. तिथे ब्रेकमधला ‘पी-व्हॉल्व्ह’ बनायचा. मुठीत मावेल एवढा धातूचा ठोकळा, आत बारीक, अचूक भोकं. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो एकाच जागेहून जायचा, आणि हातात साठा काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले बहुतेक प्लांट थांबले. त्यानंतर जे झालं ते कोणत्याही करारात लिहिलेलं नव्हतं. आयसिननं ड्रॉइंगं खुली केली, साठाहून अधिक कंपन्यांनी आपापल्या मशीनवर व्हॉल्व्ह काढायला घेतले. त्यांत शिलाई मशीन बनवणारी ब्रदरही होती, जिनं गाडीचा भाग कधी केलाच नव्हता. दर काय, पैसे कोण देणार, हे आधी कोणी विचारलं नाही. आठवडाभरात गाड्या पुन्हा नेहमीच्या वेगानं निघू लागल्या. एकाच पुरवठादारावर सगळं टाकण्याची चूक आणि त्या चुकीतून बाहेर काढणारं नातं, दोन्ही एकाच पद्धतीतून आलेलं होतं. ही कथा सांगणारे बहुधा दुसरा भागच सांगतात.

तीन वर्षांनी, 17 मार्च 2000 ला, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क इथे फिलिप्सच्या चिप कारखान्यावर वीज पडून आग लागली. दहा मिनिटांत विझली. धुरानं आणि पाण्यानं मात्र क्लीन रूम, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशी चिप बनवायची खोली, निकामी झाली. मोबाइल बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन दोघांच्या चिप तिथूनच यायच्या. नोकियाच्या माणसांनी काही दिवसांत धोका ओळखला, फिलिप्सच्या इतर कारखान्यांतली क्षमता मागून घेतली, चिपची रचना बदलून दुसरीकडेही करून घेतली. एरिक्सनमध्ये बातमी खालच्या पायरीवरच अडकली. त्यांचं सुमारे 40 कोटी डॉलरचं विक्रीचं नुकसान झालं आणि 2001 मध्ये मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत गेला.

2011 च्या भूकंप-त्सुनामीत रेनेसास कंपनीचा नाका इथला चिप कारखाना बंद पडला, तेव्हा टोयोटाला कळलं की आपला पुरवठादार ओळखीचा आहे, पण त्याचा पुरवठादार नाही. मग खालच्या थरांपर्यंतची यादी केली गेली आणि चिप बनवायला वेळ लागतो हे धरून पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. जस्ट इन टाइमचं माहेरच साठा करू लागलं! 2021 च्या चिपटंचाईत इतर कंपन्या वर्षाच्या सुरुवातीलाच अडखळल्या, टोयोटा बरेच महिने तगली. सप्टेंबरमध्ये तिलाही उत्पादन 40 टक्के कापावं लागलं. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस तर कोजिमा या एका पुरवठादाराच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि 1 मार्चला टोयोटाचे जपानमधले सगळे 14 प्लांट एक दिवस बंद राहिले.

टंचाईनंतर काही कंपन्यांनी मधले थर ओलांडून थेट चिप कारखान्यांशी बोलणी केली. 2023 मध्ये जनरल मोटर्सनं ग्लोबलफाउंड्रीजशी करार करून आपल्या पुरवठादारांसाठी उत्पादनक्षमता राखून घेतली. विमानांच्या धंद्यात बोईंगनं 2005 मध्ये विकलेला विचिटाचा सांगाड्यांचा कारखाना, म्हणजे नंतरची स्पिरिट एरोसिस्टिम्स, परत विकत घ्यायचा करार 2024 मध्ये केला.

जपानबद्दल मात्र भाबडेपणा नको. तिथे छोट्या पुरवठादारांचे पैसे अडवू नयेत, ठरलेली रक्कम नंतर कापू नये, म्हणून 1956 पासून कायदा आहे. तो करावा लागला यातच सगळं आलं. मार्च 2024 मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगानं निसानला या कायद्याखाली ताकीद दिली. 36 पुरवठादारांच्या बिलांतून, त्यांची काही चूक नसताना, मिळून सुमारे 3 अब्ज येन कापले होते. पैसे परत केले गेले.